ऐनवेळी ठरलेली इटली

अनंत चतुर्दशी उलटली की दिवाळीला जेमतेम सहा आठवडे उरतात, आणि नेमका तेव्हाच बऱ्याच घरांत विषय निघतो. रजा मंजूर झालेली असते, शाळेच्या सहामाहीच्या तारखा लागलेल्या असतात, आजी ‘मीपण येणार’ म्हणून बसलेली असते. यंदा इटली जमेल का? सहा महिने आधीपासून वह्या भरणारे लोक नाही म्हणतील. जमतं. फक्त ठरवण्याचा क्रम उलटा करावा लागतो. हाताशी वेळ असला की आपण ‘काय काय बघायचं’ इथून सुरुवात करतो. वेळ नसेल तेव्हा ‘काय काय संपून जाईल’ इथून करायची. संपणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात : व्हिसाची अपॉइंटमेंट, विमानाच्या जागा, पाच माणसं एकत्र राहू शकतील असं घर, आणि दोन-तीन ठिकाणांची वेळ नेमलेली तिकिटं. बाकीची इटली तुम्ही पोचेपर्यंत जागच्या जागी असते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. आई, बाबा, दोन शाळकरी मुलं आणि आजी, राहणार पुणे. हातात दहा रात्री. त्यांतल्या दोन व्हेनिसला, दोन फ्लॉरेन्सला, तीन उंब्रिया आणि टस्कनीच्या सीमेवरच्या एखाद्या शेतघरात, तीन रोमला. मिलान, पिसा, चिंक्वे तेर्रे, आमाल्फी यांवर सरळ काट. पिसावरून घरात भांडण होणार हे मला माहीत आहे. पण आठ वर्षांखालच्या मुलांना त्या मनोऱ्यावर सोडतच नाहीत, आणि मनोऱ्याला टेकू देतानाचा फोटो काढण्यासाठी अर्धा दिवस घालवण्याइतके दिवस आपल्याकडे नाहीत.

सगळ्यात आधी घरातले सगळे पासपोर्ट काढून टेबलावर ठेवा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाचच वर्षांचा, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. शेंगेनच्या नियमाप्रमाणे तिथून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. धाकट्याचा पासपोर्ट जानेवारीत संपत असेल, तर आजच तत्काळमध्ये नूतनीकरणाला टाका, नाहीतर दिवाळीची इटली विसरा.

मग व्हिसा. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रात द्यायचा, निर्णय वकिलातीचा. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत लागतो, पण एखाद्या अर्जाला पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ घेण्याची त्यांना मुभा आहे. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. तेव्हा इतर कुठलीही गोष्ट शोधायच्या आधी अपॉइंटमेंट कधीची मिळते ते बघा. सगळी सहल त्या एका तारखेवर उभी आहे. मोठ्यांचं शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांचं ४५, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. आजीला मात्र स्वतः जावं लागतं, आधी कधी शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील आणि त्याला पाच वर्षं झाली नसतील तरच सुटका.

कागदपत्रांत नवल काही नाही : रजेचं पत्र, शाळेचं पत्र, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, तीस हजार युरोंचं किमान संरक्षण देणारा प्रवासविमा, दिवसवार कार्यक्रम, राहण्याची आणि विमानाची आरक्षणं. मुलांसाठी जन्मदाखला आणि आईवडील दोघांची संमती. आजीचा खर्च मुलगा करणार असेल तर तसं पत्र आणि त्याच्या बँकेचे कागद तिच्या फायलीत वेगळे लावायचे. पाच फायली, पाचही स्वतंत्रपणे पुऱ्या. ‘ते कागद बाबांच्या फायलीत आहेत’ हे उत्तर खिडकीवर चालत नाही. आणि एक मोह टाळा. इटलीची तारीख मिळत नाही म्हणून दुसऱ्या एखाद्या देशाकडे अर्ज करून जायचं इटलीलाच, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. नियम असा आहे की जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथून आत शिराल त्या देशाकडे.

ज्या मराठी घरांचा पत्ता म्यूनिख किंवा फ्रांकफुर्ट आहे, त्यांनी वरचे दोन्ही परिच्छेद सोडून द्यावेत. शेंगेन देशाचा निवासपरवाना असला की वेगळा व्हिसा लागत नाही, आणि म्यूनिखहून ब्रेनर खिंडीमार्गे व्हेरोनाला थेट रेल्वे जाते. लंडनवाल्यांना मात्र पुण्यासारखंच रांगेत उभं राहावं लागतं.

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काहीही घेऊ नका. अर्जापुरतं विमानाचं आरक्षण पुरतं, आणि हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच निवडा. त्यासाठी रात्रीमागे थोडे जास्त पडतात, ते द्यावेत. पण आरक्षण करतानाच एक गोष्ट नक्की करून टाका : उतरायचं एका गावी आणि परतायचं दुसऱ्या गावाहून. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी सिटी’ नावाचा पर्याय असतो, त्यात मुंबई ते व्हेनिस आणि रोम ते मुंबई असं एकाच तिकिटावर मिळतं. दुबई, दोहा, इस्तंबूल या तिन्ही मार्गांनी हे जमतं. जाऊन-येऊन रोमचंच तिकीट काढलं तर शेवटी व्हेनिसहून रोमला उलटं यावं लागतं, आणि त्यात सुट्टीचा एक दिवस आणि पाच माणसांचं रेल्वेभाडं जातं.

आधी व्हेनिस आणि शेवटी रोम यालाही कारण आहे. आपलं घड्याळ इटलीच्या साडेतीन तास पुढे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ मागे घेतात, तेव्हापासून साडेचार. पहिले दोन दिवस सगळं घर पहाटे चारला टक्क जागं होणार. ती जाग व्हेनिसमध्ये कारणी लागते, कारण सकाळी सहा-सातला सान मार्कोचा चौक जवळपास मोकळा असतो आणि दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आता राहण्याच्या जागा, आणि इथेही क्रम उलटा : आधी शेतघर, मग शहरं. शहरात पाचजणांसाठी काही ना काही मिळतंच. शेतघरं कमी असतात आणि दोन-तीन रात्रींची अट घालतात. उन्हाळ्यात तर शनिवार ते शनिवारच देतात, त्या मानाने ऑक्टोबरात हात सैल असतो. या शेतघरांना तिकडे आग्रितुरिस्मो म्हणतात, आणि ही नुसती जाहिरातीतली पाटी नव्हे. १९८५ पासून त्यासाठी देशाचा कायदा आहे, आणि आत्ताच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे शेती हा त्या जागेचा मुख्य व्यवसाय असावा लागतो, पाहुणे ठेवणं हा जोडधंदा. म्हणजे खरोखरच द्राक्षं, ऑलिव्ह, मेंढ्या असं काहीतरी चालू असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस द्राक्षं उतरलेली असतात आणि ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडांखाली जाळ्या अंथरून, दाताळ्यासारख्या अवजारांनी फांद्या विंचरून फळं खाली पाडतात आणि लगोलग घाण्यावर नेतात. नव्या तेलाचा रंग हिरवागार असतो आणि ते घशात चांगलं झोंबतं. भाजलेल्या पावाला लसूण घासून त्यावर ते ओततात. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, तेव्हा मुलांनी तोंड वाकडं केलं तर तो पावाचा दोष समजा.

घर पक्कं करण्याआधी मालकाला दोन ओळी लिहून चार गोष्टी विचारा. रात्रीचं जेवण मिळतं का? आजीची खोली तळमजल्यावर आहे का? शेवटचा रस्ता डांबरी आहे की पांढऱ्या मुरमाचा? आणि हीटर चालू असेल का? शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला सुचत नाही. इटलीत घरं तापवण्याच्या तारखा हवामानाच्या पट्ट्यांनुसार ठरवून दिलेल्या आहेत. व्हेनिसला १५ ऑक्टोबरपासून तापवता येतं, फ्लॉरेन्स आणि रोमला १ नोव्हेंबरपासून. दगडी भिंतींच्या घरात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र बोचरी असते. पोहण्याच्या तलावाचा फोटो बघून मात्र घर निवडू नका, या दिवसांत तो झाकलेला असतो.

शहरांत जागा निवडताना नकाशावर स्मारकांपासूनचं अंतर न मोजता स्टेशनापासूनचं मोजा, विशेषतः व्हेनिसला. तिथे चाकांची बॅग म्हणजे शिक्षा, कारण पुलांना पायऱ्या आहेत आणि पूल पावलापावलाला. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कालवा दिसतो आणि पायऱ्यापायऱ्यांचा स्काल्झी पूल. तो न चढता डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या नावाचा सरळ रस्ता लागतो, त्यावर गुल्ये पुलापर्यंत एकही चढ नाही. राहायची जागा या पट्ट्यात शोधा. पलीकडे मेस्त्रेला हॉटेलं स्वस्त आहेत, रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर. पण मग पहाटेचं रिकामं व्हेनिस हातचं जातं, आणि त्याच्यासाठीच तर आलो. दिवसापुरतं येणाऱ्यांकडून घेतलं जाणारं प्रवेशशुल्क २०२४ पासून सुरू आहे, पण ते वसंत आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांना. दिवाळीच्या सुमारास काळजी करायची ती भरतीच्या पाण्याची. तीही आता पूर्वीइतकी नाही : समुद्राच्या तोंडाशी बसवलेले मोझे नावाचे हलते दरवाजे ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरतीला वर उचलले जातात.

मुक्कामाच्या ठिकाणी प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात, तो द्यायचा. तिथे राहणाऱ्यांची नोंद पोलिसांकडे करावीच लागते. शहराचा मुक्काम-करही माणशी, रात्रीमागे तिथेच वेगळा भरायचा असतो. लहान मुलांना बऱ्याच शहरांत तो माफ आहे.

तिकिटांकडे वळू. कोलोसियमची अधिकृत तिकिटं भेटीच्या तीस दिवस आधी खुली होतात आणि ती नावावर असतात, म्हणजे पासपोर्ट सोबत लागतो. उशिरा ठरवणाऱ्याला ही एक बाब सोयीची पडते, कारण सहा आठवडे आधी जागं होणारा माणूस तीस दिवसांच्या खिडकीला वेळेवर पोचतो. तारीख मोबाइलमध्ये गजर लावून धरा. सरकारी संग्रहालयांत अठराच्या आतल्या मुलांना प्रवेश फुकट आहे, परदेशी असली तरी, पण वेळेच्या तिकिटात त्यांचंही नाव घालावं लागतं. फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. त्या रविवारी प्रवेश फुकट असतो आणि म्हणूनच तिकडे फिरकू नये. आपला फ्लॉरेन्सचा मुक्काम रविवार-सोमवार येतोय का, हे विमानाची तारीख ठरवतानाच बघितलं तर पुढचा मनस्ताप वाचतो. मिलानचं ‘लास्ट सपर’ मात्र डोक्यातून काढून टाका. मोजक्या माणसांना पंधरा मिनिटं आत सोडतात आणि जागा कधीच्या भरलेल्या असतात.

मुलांबरोबर दिवसाला एकच संग्रहालय, तेही सकाळी. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटावर ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. बाबा आणि थोरली वर जाईपर्यंत आजी आणि धाकटा खालच्या चौकात जेलातो खात बसतील, अशी वाटणी आधीच करून ठेवा.

रोमची मोठी तिकिटं मिळालीच नाहीत तर? तर बिनतिकिटाचं रोम बघा, ते कुणाला बिचारं वाटणार नाही. सान लुइजी देइ फ्रान्चेझी या चर्चमध्ये काराव्हाज्योची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं जिथल्यासाठी काढली त्याच भिंतींवर टांगलेली आहेत. आत जायला पैसे नाहीत, चित्रांवरचा दिवा लागायला यंत्रात नाणं टाकावं लागतं, तेव्हा सुटी नाणी खिशात ठेवा. सान प्येत्रो इन व्हिंकोलीत मायकेलअँजेलोचा मोझेस बसलेला आहे. फोरमचे अवशेष काम्पिदोल्यो टेकडीच्या मागच्या कठड्यावरून सगळेच्या सगळे दिसतात. आणि मुलांसाठी माझी शिफारस सान क्लेमेन्तेची. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली उतरलं की चौथ्या शतकातलं, आणि आणखी खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती आणि मित्र देवाचं भूमिगत पूजास्थान. खालच्या दोन मजल्यांना तिकीट आहे. अगदी तळात जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. इतिहासाच्या पुस्तकातले थर मुलांना तिथे पायाखाली सापडतात.

आता प्रवास. उशीर केल्याची किंमत मोजावी लागते ती फक्त वेगवान गाड्यांवर. सरकारी फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ पासून धावणारी खासगी इतालो, दोघींची भाडी विमानासारखी दिवसागणिक चढतात. उलट रेजोनाले म्हणजे प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं. आज काढा की गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, तेवढंच. म्हणून आपला मार्ग असा आखायचा की वेगवान गाडी एकदाच लागेल. व्हेनिस ते फ्लॉरेन्स, सव्वादोन तास, हे तिकीट व्हिसा आला की त्याच दिवशी काढा आणि मुलांसाठी काही सवलत लागू आहे का ते बघा, दोन्ही कंपन्या देतात. तेही महाग वाटलं तर व्हेनिसहून बोलोन्यापर्यंत प्रादेशिक गाडीने या, तिथल्या कमानींच्या छताखाली दुपार काढा आणि पुढचा जेमतेम पाऊण तासाचा टप्पा वेगवान गाडीने करा. फ्लॉरेन्सहून ओर्व्हिएतो आणि ओर्व्हिएतोहून रोम, हे दोन्ही टप्पे प्रादेशिक गाडीने होतात.

स्टेशनात पहिल्यांदा उभं राहिल्यावर सगळ्यांची एकच तारांबळ उडते : फलकावर आपलं गाव दिसत नाही. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. फ्लॉरेन्सला जाणारी तुमची गाडी रोमा तेर्मिनी किंवा नापोली या नावाखाली लपलेली असेल. गावाचं नाव न शोधता तिकिटावरचा गाडी क्रमांक शोधा. ‘बिनारिओ’च्या रकान्यात फलाट येतो, तोही बऱ्याचदा गाडी सुटायला दहा-पंधरा मिनिटं उरलेली असताना, तोपर्यंत सगळेजण मान वर करून उभे असतात. ‘रित.’ खाली आकडा आला तर तितकी मिनिटं गाडी उशिरा. प्रादेशिक गाडीचं छापील तिकीट फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो, आणि मोबाइलवरचं असेल तर त्यातलं ‘चेक-इन’ दाबायचं. हे राहिलं की तपासनीस दंड करतो, आणि आपल्याला भाषा येत नाही या सबबीला तो सरावलेला असतो. आजीला चालायला त्रास होत असेल तर मोठ्या स्टेशनांवर साला ब्लू नावाची मदतसेवा आहे. आधी कळवलं तर चाकाची खुर्ची आणि गाडीत चढवायला माणूस मिळतो, फुकट. बॅगांचा नियम घरच्या घरी करून टाका : ज्याची बॅग त्याने उचलायची, जड असेल तर घरी रिकामी करायची.

‘शोपेरो’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. तो म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो, बऱ्याचदा शुक्रवारी असतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या आणि गरज पडली तर टप्पा त्या वेळांत सरकवा.

गाडी फक्त शेतघराच्या तीन रात्रींपुरती घ्यायची, आणि ती मोठ्या शहरात घ्यायची नाही. ओर्व्हिएतो त्यासाठी सोयीचं आहे, स्टेशन खाली सपाटीवर, गाडी भाड्याने देणारे तिथेच. छोट्या गावातली ही कार्यालयं दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, तेव्हा पोचण्याची वेळ जुळवा. भारतीय परवान्याच्या जोडीला आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा लागतो. तो वर्षभर चालतो, अर्ज व्हिसाच्या फायलीबरोबरच टाकून द्या. गाडी घेताना चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्ड चालेलच असं नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधी सांगायचं, नाहीतर गिअरची मिळते, आणि स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची खास सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे.

रस्त्यावर एकच गोष्ट खरी महागात पडते. जुन्या गावांच्या तोंडाशी पांढऱ्या गोलाला लाल कड असलेली पाटी असते, खाली लिहिलेलं असतं झोना त्राफिको लिमितातो. आत फक्त परवानाधारकांच्या गाड्या. पोलीस उभा नसतो, कॅमेरा असतो. दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी पुण्याला येते, त्याच्या आधी गाडीवाल्याने पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापलेले असतात, आणि चुकून त्याच गल्लीत दोनदा शिरलात तर दोन दंड. फलकावर ‘व्हार्को अत्तीव्हो’ लागलं असेल तर आत जायचं नाही. गावाबाहेरच्या वाहनतळावर गाडी लावून चालत वर जाणं, एवढाच उपाय. गाडी लावताना पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळी आपली नाही. टोलनाक्यावर पिवळी ‘तेलेपास’ रांग टाळायची. पंपावर ‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गाझोल्यो’ म्हणजे डिझेल, आणि स्वतः भरायचा पंप स्वस्त असतो.

ओर्व्हिएतोत गाडी ताब्यात घेण्याआधी सामान सोडून दोन तास वर जाऊन या. स्टेशनासमोरून दोरीची गाडी कड्यावरच्या गावात नेते, आणि ती जिथे थांबते तिथेच एक विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने धाकट्या सांगाल्लोकडून ही विहीर खोदवून घेतली. पन्नासहून अधिक मीटर खोल, २४८ पायऱ्या. पण पायऱ्यांचे जिने दोन आहेत, एकमेकांभोवती गुंफलेले आणि वाटेत कुठेही एकमेकांना न भेटणारे, म्हणजे पाणी आणायला उतरणारी खेचरं आणि भरलेल्या पखाली घेऊन चढणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून समोरच्या जिन्यावरचा भाऊ दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. एकाला एका जिन्याने आणि दुसऱ्याला दुसऱ्या जिन्याने पाठवण्याची परवानगी मिळत नाही. पण खिडक्यांतून हाका मारण्याचा खेळ तरीही तासभर पुरतो.

शेतघराच्या तीन दिवसांचं वेळापत्रक करू नका. एक दिवस पिएन्झा आणि बान्यो व्हिन्योनी. पहिलं दुसऱ्या पायस पोपने आपल्या जन्मगावाचं नमुनेदार शहर करायला घेतलं ते, आणि दुसऱ्या गावाच्या चौकात फरशीऐवजी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. कुंडात उतरायला बंदी, पण खालच्या उताराला वाहून येणाऱ्या पाटात आजीला पाय सोडून बसता येतं. उरलेले दोन दिवस जवळपास भटकायला आणि स्वयंपाकाला. किराणा दुकानात गेलात की फळं-भाज्यांजवळ प्लास्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, ते घालूनच माल उचलायचा. मग खोक्यावरचा क्रमांक लक्षात ठेवून पिशवी काट्यावर ठेवायची, तोच क्रमांक दाबायचा आणि बाहेर येणारी चिठ्ठी पिशवीला चिकटवायची. बऱ्याच दुकानांत ही चिठ्ठी नसेल तर गल्ल्यावरून परत पाठवतात आणि मागची रांग ऐकू जाईल असा सुस्कारा टाकते. हे काम मुलांकडे द्या.

शाकाहाऱ्यांची इटलीत उपासमार होत नाही, पण दोन ठिकाणी फसगत होते. भाज्यांचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, आणि पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. कडक पाळणाऱ्यांनी ‘सेन्झा फोर्माज्यो’ म्हणजे चीज नको असं सांगावं. टोमॅटोचा पास्ता, मारिनारा पिझ्झा, सिसिलीची वांग्याची कापोनाता, पावाची पान्झानेल्ला बहुतेकदा चालतात. टस्कनीच्या किनाऱ्याकडे हरभऱ्याच्या पिठाची चेचिना मिळते, ती म्हणजे भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच, आजी खूश. स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आधी उघडत नाहीत. सहा वाजता भूक लागणाऱ्या घराने पिशवीत काहीतरी ठेवावं. फराळ न्यायचा तर नियम लक्षात घ्या : दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप नाही. तेलातला चिवडा आणि चकली न्या. ताज्या फळांवरही बंदी आहे, पण पाच फळं वगळली आहेत आणि त्यांत केळं, खजूर आणि नारळ येतात. लक्ष्मीपूजनाचा नारळ कायदेशीर आहे.

रोमहून निघायच्या दिवशी तेर्मिनी स्टेशनातून लिओनार्दो एक्सप्रेस बत्तीस मिनिटांत फ्युमिचीनो विमानतळावर पोचवते, मोठ्यांना चौदा युरो. पाच माणसं आणि पाच बॅगा असतील तर मोठी टॅक्सी जवळपास त्याच हिशेबात बसते. शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतून विमानतळापर्यंतचा दर नगरपालिकेने ठरवून दिलेला आहे, बसण्याआधी तोच दर ना, एवढं विचारा. एका दुकानात एका वेळी सत्तर युरोंहून जास्त खरेदी झाली असेल आणि दुकानदाराकडून करपरताव्याचा कागद घेतला असेल, तर तो विमानतळावर मोठी बॅग ताब्यात देण्याआधी नोंदवून घ्यायचा, कारण सीमाशुल्कवाले वस्तू दाखवा म्हणू शकतात. त्यासाठी मुक्कामावरून निघताना तासभर जास्तीचा धरा, आणि ती खरेदी बॅगेत सगळ्यात वर ठेवा.